नेसरीला जा, पण जोडीनं!

गडहिंग्लजहून चंदगडच्या रस्त्याला लागलं, की वाटेत नेसरी येते. एस.टी.तून उतरा आणि सेनापती प्रतापराव गुजरांचं स्मारक कुणालाही विचारा. पण दोस्तांनो, एकटे जाऊ नका. एक जोडीदार बरोबर घ्या.

हकीकत तुम्हाला ठाऊक असेलच. १६७३ मध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडलं, त्याचं पाणी तोडलं. खान नमला, आणि प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. शिवाजी महाराज रागावले. पुढे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीपाशी प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले.

आता जोडीचं काम. एकानं हे पुस्तकात न बघता सांगायचं. दुसऱ्यानं दोनच प्रश्न विचारून अडवायचं, 'का?' आणि 'कशावरून?'

'खानाला सोडलं का?' झालं, सांगणारा अडखळला! वर्गात आपण नुसती मान डोलावतो. गुरुजींना विचारायची भीती वाटते, मुलं हसतील असंही वाटतं. जोडीदारापुढे कसली आलीय लाज? 'स्वार सातच कशावरून?' सातचा आकडा कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे घरोघरी पोचला. पण बाकीच्या सहांची नावं सगळीकडे सारखी सांगत नाहीत. मग दोघं मिळून पुस्तकं धुंडाळतात. आपलं कुठं कच्चं आहे, हे सांगता सांगताच कळतं.

मुलांनी मुलांना शिकवणं जुनंच आहे, बरं का! अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं वाळूत अक्षरं गिरवणारी मुलं पाहिली. त्यानं आपल्या शाळेत मुलांनाच मुलांचे शिक्षक केलं आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे ती पद्धत इंग्लंडात गाजली.

मात्र एक हुशार गडी सांगतोय आणि दुसरा उतरवून घेतोय, ही काही जोडी नव्हे. पाळी बदलायलाच हवी. आणि आई-बाबा, मार्कांवरून जोड्या लावू नका हं!

चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. कर्नाटकाची हद्द इथून जवळच. या पट्ट्यात घरी कन्नड बोलणारा एखादा जोडीदार मिळाला, तर नशीबच! उमराणीची गोष्ट त्याला मराठीत सांगा आणि पाण्याला कन्नडमध्ये काय म्हणतात ते विचारा. तो सांगेल, 'नीरु'.