वरणाची वाटी आणि अंगठ्याची सूज

पालमसारख्या तालुक्याच्या गावी मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, अशी तक्रार मला नवी नाही. आपल्याकडे याला सरसकट 'वात' म्हणतात. आधुनिक वैद्यकात हा 'गाऊट', तर चरकसंहितेत 'वातशोणित'. तेथे त्याचे आणखी एक नाव येते : आढ्यवात, म्हणजे धनवंतांचा वात. आज मात्र तो ज्वारीची भाकरी खाणाऱ्याच्या घरीही मुक्कामाला येतो.

आज सांगतो आहे ती माझ्याच एका चुकीची हकिगत. काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा आले. रक्तातील युरिक ॲसिड ९ च्या वर होते. मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि रिवाजाप्रमाणे एक यादी हाती ठेवली : तूरडाळ बंद, हरभरा बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. आजींनी ती यादी व्रतासारखी पाळली. सहा महिन्यांनी आजोबा आले ते पार वाळून. आता गुडघाही सुजलेला. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, वरण बंद केलं, भाजी बंद केली. आता भाकर कशासंगं द्यावी, तेवढं सांगा."

त्या प्रश्नात राग नव्हता, म्हणूनच तो अधिक बोचला. तपासणीत क्रिएटिनीनही वाढलेले निघाले. दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची, हा क्रम सहा महिने चालला होता. पथ्य कडक होते. मूळ रोगावर उपचार मात्र झालाच नव्हता.

युरिक ॲसिडचा मोठा भाग आपले शरीरच तयार करते. आहाराचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो. बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत. पातळी ६.८ च्या वर राहू लागली की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू शकतात. म्हणून केवळ पथ्याने हा रोग क्वचितच आटोक्यात येतो.

मग पथ्य कशाचे? काळीज, वजडी, मटण, सुकट, दारू (त्यातही बिअर) आणि बाटलीबंद गोड पेये यांचे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांची १२ वर्षे नोंद ठेवली होती. मांस व मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला. प्युरीनयुक्त भाज्या खाणाऱ्यांत तसा दिसला नाही आणि दूधदुभते घेणाऱ्यांत तो कमी आढळला. तेव्हा वरणाची वाटी व ताकाचा पेला आपल्या ताटात राहू द्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका. निर्जळी उपवास टाळा. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

औषधांचे दोन भाग लक्षात ठेवा. एक, दुखणे उसळल्यावर थोड्या दिवसांसाठी घ्यावयाचे : कोल्चिसिन, वेदनाशामक किंवा स्टिरॉइड. मूत्रपिंडांची स्थिती पाहून डॉक्टर यांतून निवड करतात. दुसरे, युरिक ॲसिड उतरविणारे, दीर्घकाळ घ्यावयाचे. त्यांतील ॲलोप्युरिनॉल गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आले. औषधनिर्मितीतील कार्यासाठी त्या दोघांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ते अल्प मात्रेने सुरू करून, पातळी ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवितात. पहिल्या काही महिन्यांत मध्येच सांधा पुन्हा सुजू शकतो. "औषध उलटले" असे समजून गोळी सोडू नका. मात्र अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आल्यास ती तत्काळ थांबवा व डॉक्टरांना गाठा. रक्तदाबासाठीच्या लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्यांनीही युरिक ॲसिड चढते. त्या आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवा. सुजलेल्या सांध्याबरोबर ताप असेल तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि काहीच त्रास नसता केवळ अहवालात आकडा वाढला असेल, तर बहुधा औषधाची गरज नसते.

आजोबांना मी थोडे दिवस स्टिरॉइड दिले, दुकानातल्या गोळ्या बंद केल्या आणि ॲलोप्युरिनॉल ५० मिलिग्रॅमपासून सुरू केले. वर्षभराने आकडा ६ च्या खाली आला. ते पुन्हा बांधावर जाऊ लागले, पुन्हा वरण-भाकरी जेवू लागले. क्रिएटिनीन मात्र पूर्ववत झाले नाही. ते ऋण माझ्या खाती आहे.

म्हणून आपणांस विनंती, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांचे ताट वाढणाऱ्यांना : कोणी 'बंद'ची यादी हाती दिली, तर 'मग काय द्यावे?' हे त्याच वेळी विचारा. आजींनी सहा महिन्यांनी विचारलेला तो प्रश्न मी पहिल्याच दिवशी ऐकावयास हवा होता.