आजीचा गूळ

रसत्याग आपण दशलक्षणात दहा दिवस करतो. माझ्या आजीने तो वर्षभर केला, तोही कधी संपणार हे माहीत नसताना.

माझे वडील, आमचे दादा, लष्करात ड्रायव्हर होते. डिसेंबर १९७१ मध्ये छांबच्या आघाडीवर ते पकडले गेले. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी तार आली ती ‘बेपत्ता’ म्हणून. आजी तशीच बस्तीत गेली आणि नियम घेतला : पोरगा दारात येईपर्यंत गूळ-साखर बंद. पुढे रेडक्रॉसमार्फत दादांचं कार्ड आलं. आता नियम सोड, असं सगळे म्हणाले. आजीचं उत्तर एकच, “दारात कार्ड आलंय, पोरगा नाही.”

२ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, पण कैदी सुटले नाहीत. आपल्याकडे त्यांचे त्र्याण्णव हजार, त्यांच्याकडे आपले सहाशेच्या आसपास, आणि बोलणी बांगलादेशपाशी अडलेली. ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून आपले दिलीप परुळकर दोन सोबत्यांसह निसटले आणि पार लंडीकोतलला जाऊन पकडले गेले. दादा लायलपूरला होते. आता त्याला फैसलाबाद म्हणतात. डिसेंबर १९७२ मध्ये ते वाघा ओलांडून आले.

सगळेच आले नाहीत. वैमानिक विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबर १९७१ ला पडलं. पकडलेल्यांमध्ये त्यांचं नाव तिकडच्याच वर्तमानपत्रात आलं, पण परतणाऱ्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी पुढे आयुष्यभर शोध घेतला. असे ५४ जण सरकारी यादीत आहेत. आजीला निदान नियम सोडायचा दिवस तरी मिळाला.

गावात दादांना भावकीने पहिला प्रश्न विचारला तो, “तिथं काय खाल्लंस?” मारलं का, थंडीत पांघरूण होतं का, हे कुणी विचारलं नाही. दादा म्हणाले, “रोटी.” आणि उठून गेले.

पुरतं उत्तर मला मिळालं ते त्यांच्या अखेरच्या वर्षांत, ते गिरीजला आमच्याकडे राहायला आल्यावर. मी मेथी निवडत होते, ते शेजारी बसून काड्या वेगळ्या करत होते. छावणीत मटण असलं की ते रोटी आणि मीठ घ्यायचे. एका पहारेकऱ्याने हे पाहिलं. काही बोलला नाही, पण तेव्हापासून तशा दिवशी तो त्यांच्या रोटीवर गुळाचा खडा ठेवून पुढे जायचा. तो मुलूखही आपल्या शिरोळसारखाच उसाचा.

“घरी आलो तेव्हा आईचा नियम कळला,” दादा म्हणाले. “ती पहिला खडा तोंडात घालताना रडत होती. मग काय सांगायचं?”

आजीला त्यांनी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. स्वतः मात्र चपातीबरोबर रोज गूळ खायचे. वसईच्या डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून तो बंद करायला सांगितला, तेव्हा घरी येताना रिक्षात म्हणाले, “चला, आता माझी पाळी.”