गाळलेला दाता

उद्यमनगरातल्या टर्नरनं मिलिंगवरून उतरवलेलं पोलादी चाक माझ्या हातात दिलं, तेव्हा ते अजून कोमट होतं. कडेनं सारख्या अंतरावर दाते, आणि एका ठिकाणी दाताच नाही. दहा अंशांना एक म्हणजे ३६ व्हायचे, कापले ३५.

कोल्हापुरातल्या एका मित्राच्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीला इंजेक्शन बसवायचं घाटत होतं. डिस्ट्रिब्युटर निघाला की क्रँक या घटकेला कुठे आहे, हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कुणीतरी सांगायला हवं. ते काम या चाकाचं. सेन्सर दाते मोजतो. पण सगळेच सारखे असले तर मोजणी सुरू कुठून करायची? जपमाळेत त्यासाठी मेरुमणी जादा ओवतात. इथं एक दाता गाळतात, आणि ही उणी खूण मला जास्त देखणी वाटते. सहा हजार फेऱ्यांना क्रँकचा एक अंश सेकंदाच्या छत्तीस हजाराव्या भागात सरतो, तरी ती रिकामी जागा चुकत नाही.

चाक पुलीवर कसण्याआधी टॉप शोधायचा होता, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती क्रँकची जागा. पिस्टन माथ्यावर रेंगाळतो. क्रँक पाच अंश फिरला तरी तो मिलिमीटरचा पाचवा हिस्साही उतरत नाही. मग मिस्त्रीनं प्लगच्या भोकात स्टॉपर घातला. पान्यानं क्रँक हळूच फिरवून पिस्टन टेकला तिथं पुलीवर खूण केली, उलटा फिरवून टेकला तिथं दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये टॉप. जिथं पोचता येत नाही ती जागा दोन्हीकडच्या अडवणुकीतून काढायची! गॅरेजमध्ये याहून सुंदर मोजमाप मी पाहिलेलं नाही.

सेन्सर हॉलचा होता. दात्यापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतर, फिलर गेजनं तपासलेलं, आणि ब्रॅकेट जाड पट्टीचा; तो थरथरला तर सगळंच वाया. एडविन हॉल १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत होता. चुंबकाचं बळ तारेवर पडतं, तारेतल्या प्रवाहावर नाही, असं मॅक्सवेलच्या ग्रंथात त्यानं वाचलं आणि ते त्याला पटेना. मॅक्सवेल! पण पटेना. काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खातून त्यानं वीज सोडली, वर्ख चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरला आणि गॅल्व्हानोमीटर आडवा जोडला. काटा हलला. प्रवाह खरोखरच एका कडेला ढकलला जात होता. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती. वाहतंय काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि या पोरानं ते कुठे कलतं हे मोजलं. मिठाईवरचा वर्ख पाहिला की हल्ली मला तोच आठवतो.

मित्राच्या मुलीकडे विजेवरची स्कूटर आहे. तिला ना क्रँक, ना पिस्टन, ना टॉप. तरी चाकातल्या मोटरीत रोटर कुठे आहे हे सांगायला हॉलचे तीन सेन्सर बसलेले आहेत, आणि ॲक्सिलरेटरच्या मुठीत आणखी एक.