कळंबोलीच्या नाक्यावरील टोचन

नव्या मुंबईत पाहुणा आला म्हणजे यजमान त्यास पामबीच मार्गाने फिरवून आणतो, हिवाळा असल्यास खाडीतील रोहित पक्षी दाखवितो, आणि अलीकडे नवा विमानतळ निदान लांबून दाखविल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. ही स्थळे प्रेक्षणीय आहेत, यात वाद नाही. परंतु हे नगर कशाच्या बळावर चालते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने एखाद्या सायंकाळी कळंबोलीच्या नाक्यावर, अर्थात रस्त्यापासून चांगले दूर व सुरक्षित जागी, अर्धा तास उभे राहावे, असे आम्ही सुचवितो.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली व मुंबईचा भार हलका करण्यासाठी हे नगर कागदावर आखले गेले. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, २००२ साली पुण्याचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि या सर्वांची गाठ कळंबोलीस येऊन पडली. एकीकडून शीव-पनवेल महामार्ग येतो, दुसरीकडे तळोजे व मुंब्र्याची वाट जाते, तिसरीकडून बंदराचे लांबच लांब ट्रेलर पेट्या वाहून आणतात, आणि चौथीकडे घाटाच्या दिशेने द्रुतगती मार्ग निघतो. जवळच लोखंड-पोलादाचा मोठा बाजार. इतकी चाके जेथे फिरतात तेथे काही चाके थांबणारच. त्या थांबलेल्या चाकांचे पुढे काय होते, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

बंद पडलेली मोटार दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्यास इकडे सर्रास ‘टोचन’ म्हणतात. शब्द ऐकून आम्हांस प्रथम टाचणी-सुईची आठवण झाली. मागाहून उलगडा झाला तो असा की, ओढावयाच्या साखळीस इंग्रजीत जे नाव आहे ते ट्रकवाल्यांच्या तोंडी झिजून झिजून हे रूप झाले असावे. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी यावर रागावू नये. शब्द चपखल आहे, आणि ज्याची मोटार ओढली जाते त्यास तो टोचतोही.

टोचनाचा सर्वांत जुना प्रकार दोराचा. पुढे टेंपो, मागे मोटार, मध्ये दोर. गावात अडल्यानडल्यास हे चालते. महामार्गावर मात्र हा जिवाशी खेळ होय. कारण असे की, हल्लीच्या मोटारीचे एंजिन बंद पडले म्हणजे तिचे नुसते चालणेच थांबते असे नाही. ब्रेकला एंजिनाकडून जे साहाय्य मिळते ते दोन-तीनदा पाय दाबताच संपते, आणि पुढे पेडल दगडासारखे घट्ट होते. सुकाणूचे चाकही जड होते. आणि कोणी शहाण्याने किल्ली काढून घेतली तर ते जागच्या जागी अडकून बसते. म्हणजे दोराच्या टोकास बांधलेल्या मनुष्यास थांबणेही कठीण व वळणेही कठीण. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला की मागचा त्याच्यावर आदळलाच. १९८९ च्या रस्त्यांविषयीच्या केंद्रीय विनियमांत यासाठी तपशीलवार बंधने घातली होती: ओढल्या जाणाऱ्या वाहनात परवानाधारक मनुष्य बसलेला असावा, नाही तर त्याची वळणारी चाके उचलून पक्की धरलेली असावीत, दोहोंमधील अंतर पाच मीटरांहून अधिक नसावे, मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, निदान ७५ मिलिमीटर उंचीची, ‘ऑन टो’ अशी पाटी असावी, आणि वेग ताशी २४ किलोमीटरांपलीकडे जाऊ नये. २०१७ साली त्या विनियमांच्या जागी नवे आले. तथापि जेथे मोटारी ताशी शंभरच्या वेगाने धावतात, तेथे चोवीसच्या चालीने दोराने बांधलेली जोडी निघाली तर तिच्या पाठीमागून काय येईल, हे समजण्यास कोणताही विनियम वाचावा लागत नाही.

दुसरा प्रकार दोन चाके उचलण्याचा. ट्रकच्या मागील लोखंडी बाहू मोटारीच्या पुढच्या चाकांखाली जातो, चाकांवरून रुंद पट्टे आवळतात, पुढचे अंग वर उचलले जाते, आणि मागची दोन चाके रस्त्यावर आपली आपण फिरत येतात. अमेरिकेत हेच काम एका दोनचाकी लहान गाड्याने करतात. त्यास तिकडे डॉली म्हणतात. आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे स्थायिक आहे. निवृत्तीनंतर तो पत्नीसह एका मोटारघरातून, म्हणजे आत निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या बसमधून, देश पाहत हिंडतो. मोटारघर घेऊन बाजारात भाजीस जाता येत नाही, म्हणून त्याच्या पाठीशी आपली लहान मोटार तो या डॉलीवर पुढची चाके चढवून नेतो. त्याच्या पत्रातून आम्हांस पुष्कळ कळले, आणि कळंबोलीस जे दिसते त्याचा अर्थही त्यामुळे अधिक चांगला लागला.

मुख्य प्रश्न एकच: मोटारीस चालविणारी चाके कोणती? बहुतेक लहान मोटारींत एंजिनाची शक्ती पुढच्या चाकांस मिळते. ती उचलली म्हणजे यंत्राचा व रस्त्याचा संबंध तुटला. मागची चाके केवळ अनुगामी, हातब्रेक सोडला की ती निमूट येतात. परंतु कित्येक मोठ्या मोटारींत शक्ती मागच्या चाकांस जाते. अशा मोटारीची पुढची चाके उचलून मागची रस्त्यावर फिरू दिली तर ती उलट गिअरपेटीस आतून फिरवीत राहतात. आणि स्वयंचलित गिअर असल्यास तेथे तेल खेळविणारा पंप एंजिनावर चालत असल्याने, एंजिन बंद असता आतील भाग कोरडे घासून जळतात. अशी मोटार मागून उचलावी, व पुढचे सुकाणू सरळ रेषेत पट्ट्याने बांधून टाकावे. किंवा तिचा मधला दांडा सोडवावा. किंवा सरळ सपाट पाठीच्या ट्रकवर चढवावी. चारही चाकांस शक्ती असलेल्या मोटारींस व विजेच्या मोटारींस तर चारही चाके जमिनीपासून सोडविण्यावाचून गत्यंतर नाही. विजेच्या मोटारीत चाक फिरले की मोटर फिरते, आणि मोटर फिरली की ती वीज उत्पन्न करू लागते. म्हणून तिचे कारखानदार सपाट ट्रकच सांगतात.

हे ज्ञान पुस्तकी वाटेल. पण गेल्या आषाढात आमच्या घरी ते कसास लागले. आमच्या वडील भगिनी, आक्का, यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया दुसरे दिवशी सकाळी पुण्यास ठरली होती. नेरूळहून सायंकाळी निघालो. भाचा मोटार चालवीत होता. सात माणसांची मोठी, स्वयंचलित गिअरची मोटार. कामोठ्याच्या पुढे ती भर पावसात एकाएकी थांबली. शेजारून ट्रेलर जात तेव्हा उभी मोटार अक्षरशः हलत असे. एक टेंपोवाला सज्जनपणे थांबला व दोर काढू लागला. भाचा तयारही झाला होता, इतक्यात फोनवरून बोलाविलेला क्रेनवाला येऊन पोहोचला.

त्या तरुणाने, सातारकडचा असावा, पहिली गोष्ट केली ती ही की आपली क्रेन आमच्या मोटारीच्या मागे लावून वरचा पिवळा फिरता दिवा चालू ठेवला. दुसरी, आम्हां सर्वांस खाली उतरविले. आक्का उतरेनात. “एवढ्या पावसात मी कुठे उभी राहू?” असे त्यांचे म्हणणे. तो म्हणाला, “आजी, भिजलात तर उद्या वाळाल. थांबलेल्या गाडीत बसू नका.” त्याने त्यांस हाताला धरून लोखंडी कठड्यापलीकडे नेले, आणि कोठूनसे प्लॅस्टिकचे कापड आणून त्यांच्या डोक्यावर धरावयास आम्हांकडे दिले. मग त्याने भाच्यास विचारले, “दादा, मागचं चाक ओढतंय का पुढचं?” भाच्यास ठाऊक नव्हते. दहा वर्षे मोटार बाळगणाऱ्या सुशिक्षित मनुष्यास हे ठाऊक नसावे, याचे आम्हांस नवल वाटले. पण वाचकांपैकी कितीजणांस आपल्या मोटारीविषयी हे ठाऊक आहे, हेही विचारून पाहण्यासारखे आहे.

तो चिखलात पाठीवर निजून विजेरीने खाली पाहून आला, आणि म्हणाला की, मागचे आहे, शिवाय ऑटोमॅटिक. मी पुढून उचलून नेणार नाही. मागून उचलावे तर मागे ट्रेलरांची रांग, क्रेन फिरवावयास जागा नाही. भाच्याने पनवेल काय ते सहा किलोमीटर, असा आग्रह केला. दीडपट पैसे देऊ केले. तो ऐकेना. “सहा किलोमीटरला तुमचं काही होणार नाही असं म्हणणारे भेटतील. गिअरपेटी गेली तर ती बदलायला मी येणार नाही,” एवढेच बोलून त्याने दुसऱ्या मालकाच्या सपाट ट्रकास फोन केला. म्हणजे त्याचे स्वतःचे भाडे गेले. सपाट ट्रक येण्यास सव्वा तास लागला. तोपर्यंत तो आपला दिवा फिरवीत आमच्या मागे उभा राहिला, आणि जाताना थांबण्याचे म्हणून भाच्याने दिलेल्या पैशांतून निम्मे परत करून गेला. पनवेलच्या कारागिराने दुसरे दिवशी सांगितले की, इंधनाचा पंप गेला आहे, बाकी सर्व शाबूत. गिअरपेटी गेली असती तर खर्च लाखाच्या घरात होता. आक्कांस आम्ही पहाटे पनवेल स्थानकावरून आगगाडीने पुण्यास नेले. शस्त्रक्रिया वेळेवर झाली.

डॉलीच्या विषयाकडे पुन्हा वळू. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रातील काही गोष्टी येथे सांगण्यासारख्या आहेत. चाकांवरचे पट्टे आवळले म्हणजे काम झाले असे नाही; पाच-सहा किलोमीटर गेल्यावर टायर गाड्यात नीट बसतो व पट्टा सैल पडतो, म्हणून थांबून पुन्हा आवळावा लागतो. जोडणीखाली दोन साखळ्या एकमेकींस छेदून लावतात. जोडणी सुटली तर गाड्याचे तोंड त्या छेदावर झेलले जाते, रस्त्यात रुतत नाही. ओढणाऱ्याचे ब्रेकचे व वळणाचे दिवे मागच्या मोटारीच्याही पाठीवर लावावे लागतात, कारण मागून येणाऱ्यास ती मोटारच दिसते. वळण मोठे घ्यावे. आणि मागे कधीही जाऊ नये: डॉलीस दोन ठिकाणी सांधा असल्याने उलट चालविताच ती क्षणात मुडपते. म्हणून तो पेट्रोल घेण्यापूर्वी, पंपावरून सरळ बाहेर पडता येते की नाही, हे लांबूनच पाहून घेतो.

ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांस ‘उलाळ’ हा शब्द ठाऊक असेल. मागे भार जास्त झाला की गाडी मागे कलते, जू वर उचलते, आणि बैलांचे पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत. क्रेनच्या मागे मोटार टांगली की हेच घडते. पुढची चाके हलकी होतात, आणि वळविणारी चाके तीच. म्हणून ओढणारा ओढल्या जाणाऱ्याहून चांगला जड असावा लागतो. संस्कृतात जू वाहणाऱ्या बैलास धुर्य, धौरेय म्हणतात, आणि त्यावरूनच आपण समर्थ पुरुषास धुरंधर म्हणतो. त्या शब्दाचा खरा अर्थ आम्हांस वर्गात शिकविताना जितका कळला नाही तितका या नाक्यावर कळला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोटारघरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा अमेरिकेप्रमाणे येथेही कोणी मोटारघरामागे मोटार जोडून कोकणात किंवा महाबळेश्वरास जाईल काय, असा प्रश्न सुचतो. आमच्या मते त्याने जाऊ नये. घाट उतरताना मागचा भार ओढला जात नाही, तो ढकलतो. बोरघाटात आगगाडी चढविण्यासाठी कर्जतला मागून आणखी एंजिने जोडतात. तेथे ढकलणारे हुकुमात असते. उतारावरील मोटार कोणाच्या हुकुमात नसते. शिवाय आपल्या गावांतील गल्ल्यांत मागे न जाता वळणे म्हणजे परीक्षाच.

मोटार बरोबर न्यावयाचीच असेल तर त्याहून बरा उपाय याच नगरात निघाला. बेलापुरास कोकण रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे. ती रेल्वे कोलाडहून भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून १९९९ पासून नेत आलेली आहे. २०२५ च्या गणेशोत्सवात तिने कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी खाजगी मोटारींची गाडीही सोडली: वीस वाघिणी, चाळीस मोटारी, सुमारे बारा तासांचा प्रवास, मोटारीमागे ७,८७५ रुपये. धनी निराळ्या डब्यात बसतो. मोटार पुढच्या चाकांनी चालो वा मागच्या, तिची चारही चाके वाघिणीवर स्थिर असतात.