घरघर

१९८६च्या मे महिन्यात बाबांनी आजीच्या जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावात गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. पण हरभरे भरडायला आजीला जातंच लागायचं. तिनं खुंटा ठोकून घट्ट केला, मूठभर दाणे वैरले आणि जात्याची घरघर सुरू झाल्यावर पहिली ओवी म्हटली. आत्या आणि थोरली काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

त्रेचाळीस मिनिटांचं ते ध्वनिमुद्रण मला श्वासांसकट पाठ आहे. साधारण अकराव्या मिनिटाला आजी अडते. ओवीचा पुढचा शब्द तिला सापडत नाही. जातं मात्र फिरत राहतं. मग आत्या हळूच तो शब्द पुढे करते आणि आजी जणू काही झालंच नाही अशी तिथून पुढे निघते.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूलाही ओव्या होत्या. पुढच्या वर्षी घाईत तीच कॅसेट घालून बाबांनी शाळेचं स्नेहसंमेलन मुद्रित केलं आणि त्या ओव्या पुसल्या गेल्या. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले तुकडे त्यांनी मोडून टाकले, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणाला काही मुद्रित करता येऊ नये. आजी १९९१ साली गेली. दुसऱ्या बाजूच्या ओव्या परत कधी मिळाल्या नाहीत.

गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, हे मला फार उशिरा कळलं. त्या कामाबद्दल वाचताना मी सारखी आमच्या त्या एका बाजूचा विचार करत होते. लाख ओव्या वाचल्या, आणि आमच्या घरातल्या पाऊण तासाच्या ओव्या आमच्याच हातून गेल्या.

उरलेली बाजू बाबांनी जपली. त्यांचं जपणं म्हणजे कपाटात ठेवून कुलूप लावणं नव्हतं. दर दसऱ्याला सगळ्या कॅसेट बाहेर काढायच्या आणि एकेक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत गुंडाळायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे एकशे तीस मीटर फीत असते, अतिशय पातळ. ती तशीच पडून राहिली तर थर एकमेकांना चिकटतात, आणि एका थरावरचं चुंबकीय मुद्रण शेजारच्या थरावर पुसट उमटतं. आमच्या कॅसेटमध्येही ते झालंच आहे. काही ओव्यांच्या आधीच्या शांततेत कान देऊन ऐकलं, तर आजीचा आवाज यायच्या जरा आधी त्याच आवाजाची सावली ऐकू येते.

आजीच्या जात्यालाही ठरावीक काळानं टाकी लावून घ्यावी लागे. दगड झिजून गुळगुळीत झाला की दळण नीट होत नसे. पाथरवटीण दारात बसून छिन्नीनं पुन्हा खरवड पाडून द्यायची. दगडाच्या वस्तूचीही अशी निगा राखावी लागते, हे मी लहानपणी पाहिलं होतं. कळलं मात्र नव्हतं.

२००३ साली घरात संगणक आला, चाळीस जीबीची हार्ड डिस्क असलेला. पहिल्याच रविवारी मी टेपरेकॉर्डरची वायर त्याला जोडली आणि आजीला आत घेतलं. सीडीच्या दर्जाची ती फाइल साधारण साडेचारशे एमबीची झाली. पुढे कधीतरी आयबीएमच्या १९५६ सालच्या पहिल्या हार्ड डिस्कविषयी वाचलं: चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनभर वजन, आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची. मी हिशेब करून पाहिला. आजीचा आवाज तिच्यात वीसेक सेकंद मावला असता. एक ओवी धड पुरी झाली नसती.

चाळीस जीबीवरून सीडीवर, सीडीवरून खिशात मावणाऱ्या डिस्कवर, असा आजीचा मुक्काम हलत राहिला. २०१८ साली मी घरातच एक लहान सर्व्हर उभा केला. माळ्याखालच्या फळीवर काळी पेटी, आत आठ-आठ टीबीच्या पाच डिस्क. बाबांनी रेडिओवरून उतरवून घेतलेलं नाट्यसंगीत, आईचे फोटो, मुलीचे वाढदिवस, जुने सिनेमे, सगळं चार डिस्कवर. पाचवी डिस्क पॅरिटीची. अनरेड नावाची प्रणाली हा कारभार सांभाळते. घर निजलं की फळीवरून बारीक घरघर ऐकू येते. आपल्याकडे ‘घरघर लागली’ म्हणजे शेवट आला. पण मला त्या आवाजानं नेहमी निश्चिंत वाटत आलं आहे.

गेल्या आषाढात एका सकाळी पाहिलं, तर तिसऱ्या डिस्कपुढे लाल फुली होती. प्रणालीनं ती डिस्क बंद केली होती. आजी तिच्यावरच होती.

आधी नाशिकला भावाला फोन केला. त्याच्याकडे खिशातल्या डिस्कवर एक प्रत होती. त्यानं कपाटातून ती काढून जोडली. ती फिरलीच नाही. “अगं, मी तर तिला हातसुद्धा लावला नव्हता,” तो म्हणाला. ते अगदी खरं होतं. पाच वर्षं कुणीच तिला हात लावला नव्हता.

माझा हात सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायला निघाला होता. बाबा दारात उभे होते. “घाई करू नकोस,” ते म्हणाले. “पुसलेलं परत येत नाही.” अडतीस वर्षांपूर्वीची ती रात्र ते विसरले नव्हते.

त्यांचं ऐकलं म्हणून नोंदी वाचल्या. अनरेडमध्ये या नोंदी तात्पुरत्या स्मृतीत असतात. यंत्र बंद केलं की त्या जातात आणि बिघाडाचं कारणही त्यांच्याबरोबर जातं. मी आधी त्या उतरवून घेतल्या. पहाटे तीन वाजता तिसऱ्या डिस्कवर काहीतरी लिहायचं होतं, ते लिहिलं गेलं नव्हतं. अशा वेळी प्रणाली ती नोंद पॅरिटीत करते आणि डिस्कला बाजूला बसवते. त्या क्षणापासून त्या डिस्कवरचा मजकूर शिळा झालेला असतो. तिचं दुखणं मागाहून बरं झालं तरी तिच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.

मग डिस्कची स्वतःची तब्येत पाहिली. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या दुखण्यांचा हिशेब ठेवते. खराब म्हणून बदललेल्या जागा: शून्य. वाचता न आल्यानं ताटकळलेल्या जागा: शून्य. वाढलेला होता तो फक्त एक आकडा, वाटेत बिघडलेल्या निरोपांचा. डिस्क आणि यंत्र यांच्यामध्ये जाता-येता मजकूर चुकला की तो वाढतो. म्हणजे दोष तबकडीत नव्हता, वाटेत होता. पेटी उघडली. जूनमध्ये धूळ पुसून झाकण लावताना एक केबल झाकणाखाली दाबली गेली होती, आणि तिचं टोक खोबणीतून अर्धं निसटलं होतं.

केबल नवी घातली. पण डिस्क भरून काढायच्या आधी एक गोष्ट पाहणं भाग होतं. पॅरिटीचं गणित सोपं आहे. चारही डिस्कवरच्या त्याच एका जागेचे अंक घ्यायचे, एक किंवा शून्य. त्यांतल्या एकांची संख्या विषम असेल तर पाचवीवर एक लिहायचा, सम असेल तर शून्य. म्हणजे पाचही मिळून एकांची संख्या नेहमी सम. एक डिस्क गेली तरी बाकीच्या चौघींकडे पाहून तिच्या जागी काय होतं ते काढता येतं. पॅरिटी म्हणजे दुसरी प्रत नव्हे; चूक होऊन फाइल पुसली, तर ते पुसणंही ती इमानानं नोंदवते. आणि डिस्क पुन्हा भरली जाते ती या गणितातून जे निघेल त्यानंच. गणित चुकीचं निघालं, तर चुकीचंच लिहिलं जाईल. स्नेहसंमेलनाची रात्र पुन्हा आली असती.

म्हणून तिसरी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि चारच डिस्कवर सर्व्हर चालू करून आजीची फाइल लावली.

आधी जातं आलं. मग ती पुसट सावली. मग आजी. ज्या डिस्कवर ती होती ती माझ्यासमोर टेबलावर निपचित पडलेली, आणि आवाज येत होता. एकीकडे आईचे फोटो, एकीकडे नाट्यसंगीत, एकीकडे सिनेमे, आणि पॅरिटी. त्या चौघी मिळून आजीचा एकेक क्षण हुडकून देत होत्या. अकराव्या मिनिटाला आजी अडली, आत्यानं शब्द पुढे केला. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. आत्यालाही जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी नवी डिस्क आणली, तिच्यावर सगळं उतरवायला लावलं आणि जुनी तशीच बाजूला ठेवली, न पुसता. सतरा तास लागले. त्या रात्री फळीवरची घरघर मोठी होती. पाचही डिस्क पूर्ण जोरानं फिरत होत्या, कारण एकीला भरायचं तर बाकीच्या सगळ्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागतं. झोप येईना. अंथरुणावर पडल्या पडल्या मनात आलं, की ‘जपणं’ आणि ‘जप’ हे शब्द माझ्या कानाला एकसारखे लागतात, ते उगीच नाही. जप एकदाच करून भागत नाही. बाबांच्या दसऱ्याच्या कॅसेट, आजीच्या जात्याची टाकी आणि हा सर्व्हर, तिन्हींना हेच लागतं. भावाची डिस्क कुणी पाडली नव्हती, भिजवली नव्हती. ती फक्त फिरवायची राहिली होती.

आता तीन प्रती आहेत: सर्व्हरवर एक, नाशिकला नव्या डिस्कवर एक आणि आत्याच्या मुलीकडे एक. दर महिन्याच्या एक तारखेला पॅरिटीची तपासणी होते. त्या दिवशी तिघींनी आपापली प्रत लावून ऐकायची, असं मी, वहिनी आणि आत्याच्या मुलीनं ठरवलं आहे. आमच्याकडे संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून घेतात आणि माझी लेक अभ्यासाची वही घेऊन त्यांच्या पायाशी बसते. तिनं जातं फिरताना कधी पाहिलेलं नाही.

गेल्या एक तारखेला आजी अकराव्या मिनिटापाशी आली. अडली. जातं फिरत राहिलं. वहीतून मान वर न करता, आत्याच्या आधी, लेकीनं तो शब्द म्हटला.