काठीच्या होळीत आमची एकतारी

आमची गायन पार्टी घरचीच. बाबांची एकतारी, काकांचे तुणतुणे, धाकट्या भावाचा बेंजो आणि माझी दिमडी. वर्षभर मजुरी, एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम. वामनदादा कर्डकांची गाणी बाबांना तोंडपाठ आहेत.

२०२४ साली होळी रविवारी आली, सोमवारी सुट्टी. बाबा म्हणाले, "काठीला जाऊ, ढोल ऐकू." आई तिथेच अडली. "होळी आपली नव्हे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तिथे काय करायचे?" बाबा म्हणाले, "पूजेला नाही, ऐकायला." दोन दिवस अबोला. निघताना मात्र आईनेच भाकऱ्या बांधल्या.

नंदुरबारहून तळोदामार्गे अक्कलकुव्यापर्यंत एसटी, पुढे जीप. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. त्याआधी इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट धुळे गाठावे लागे. देवगोईचा घाट चढताना ते हाल कळले. जीपच्या हिसक्याने तुणतुण्याची तार तुटली, काका हळहळले.

काठी हे जुने मेहवासी संस्थान, म्हणून ही राजवाडी होळी. आठवडाभर आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, त्यात आदिवासी बांधव होळीची खरेदी करतात. होळीच्या रात्री गावोगावची मंडळी आपापले ढोल घेऊन डोंगर उतरतात. बुध्या झालेल्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर नक्षी, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू. नाचला की सगळे एकदम खुळखुळते. हे लोक होळीआधी काही दिवस पालनी पाळतात, खाटेवरसुद्धा झोपत नाहीत. ते ऐकून आई पहिल्यांदा मान हलवून "हं" म्हणाली.

स्टेज नाही, आयोजकांचे सत्कार नाहीत, नारळ-शाल नाही. (आमच्या कार्यक्रमांत सत्कारातच तास जातो, हे सांगायला हरकत नसावी.) जो आला तो नाचतो. विजेविना भावाचा बेंजो मुका झाला. बाबांनी एकतारी छेडली, पण ढोलांच्या दणक्यात ती त्यांनाच ऐकू येईना.

मध्यरात्रीनंतर दम खायला बसलेला एक पावरीवाला आमच्याजवळ आला. एकतारीचा भोपळा बोटाने वाजवून बघितला आणि हसून आपली पावरी पुढे केली. तिलाही सुका भोपळाच! भाषा दोघांनाही धड जमेना. बाबांनी सूर धरला, त्याने पावरी फुंकली. मी दिमडीवर हलकी थाप दिली. चारपाच पोरे भोवती जमली. गाणे कोणते, ते मला आजही सांगता येणार नाही.

पहाटे उंच बांबूची होळी पेटली. सगळ्यांचे हात जुळले, आईचे नाही. तिला कोणी जोड म्हणालेही नाही. शेजारच्या बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, आईने उरलेली भाकरी तिच्या हातावर ठेवली.

परतताना जीपमध्ये आई म्हणाली, "पुढल्या वर्षी तो बेंजो तेवढा घरी ठेवा."