लोणारला प्रदक्षिणा

लोणार बघितलंय का, असं आमच्या साखरखेर्ड्यात कुणाला विचारून बघा, तो तुमच्याकडेच विचित्र नजरेनं बघेल. तासा-दीड तासाच्या वाटेवरचं ठिकाण ते! शाळेची सहल लोणारला, नवरात्रात कमळजादेवीला लोणारला, पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्यालाही लोणारलाच न्यायचं. कठड्याला टेकायचं, फोटो काढायचे, ‘उल्का पडली होती म्हणे’ असं म्हणायचं आणि गाडीत बसायचं. देवीला उतरलोच तर सरळ खाली आणि त्याच पावली वर. त्याला लोणार बघणं म्हणत नाहीत हो! लोणार चालायचं असतं. सगळं, गोल, एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूनं परत. हे मला आत्ता कळलंय आणि तेव्हापासून घरातल्या कुणाला मी दुसरं काही बोलू दिलेलं नाही.

नादी लावलं ते माझ्या आतेभावानं. तो शाळेत भूगोल शिकवतो. हिवाळ्यातली सकाळ होती, मेहकर-सुलतानपूर करत आम्ही धार नावाच्या झऱ्यापाशी पोचलो तेव्हा ऊन नुकतंच काठाला लागलं होतं. गोमुखातून पाणी पडत होतं. बारा महिने पडतं. अंघोळीला आलेल्या एका आजींनी आमच्या पाठीवरच्या पिशव्या बघून विचारलं, “काहून बाप्पा, मुक्कामाला चालले का खाली?” आम्ही म्हटलं, “नाही आजी, पूर्ण चक्कर मारायची.” त्यांनी हात जोडले, आम्हाला की देवाला ते कळलं नाही.

आणि मग उतरण! वरून जे एक हिरवं तबक दिसतं त्याच्या आत आपण शिरतोय हे पायांना आधी कळतं. पाण्याची पातळी काठापासून जवळपास दीडशे मीटर खाली आहे. वारा थांबतो. गावातली गाणी, हॉर्न, कुणाच्या तरी लग्नाचा डीजे, सगळं एकेका वळणाला मागे पडत जातं आणि मोर सुरू होतात. एक इकडून, एक तिकडून, आणि खोलगट जागेमुळे प्रत्येकाचा आवाज घुमून परत येतो. किती मोर होते ते सांगता येणार नाही, पण शेवटी शेवटी आम्ही मोराकडे मान वळवून बघणंसुद्धा सोडून दिलं. एवढे!

आता दगडाचं सांगतो, कारण खरी गंमत तिथं आहे. आपल्याकडचा कातळ कसा असतो? आडवा. विहीर खणा, घाट बघा, रेल्वेच्या कडेला डोंगर कापलेला बघा, काळ्या दगडाचे थर एकावर एक निजलेले. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला, असा हा सगळा दख्खन. उतरताना भावानं एका उघड्या कड्याशी मला थांबवलं आणि म्हणाला, “थराकडे बघ.” बघितलं. थर आडवा नव्हताच! विवराच्या बाजूला उचललेला आणि बाहेरच्या बाजूला कललेला. तव्यावर भाकरीचा काठ उचलून धरावा तसा अख्खा डोंगर उचललेला. काठाच्या माथ्यावर तर काही ठिकाणी थर साफ उलटे पडलेत, म्हणजे खालचा वर आणि वरचा खाली. कुठल्या ज्वालामुखीचं हे काम नाही. बाहेरून काहीतरी प्रचंड वेगानं येऊन आदळलं, जमीन आत दाबली, मग उसळली आणि कडा बाहेर उलटल्या. उडालेला माल काठापासून किलोमीटरभर लांबपर्यंत पसरला. लोणार गावातले रस्ते, दुकानं, बसस्टँड, यातलं बरंच काही त्याच मालावर उभं आहे. मी त्या कड्याला हात लावून उभाच राहिलो. भावाला तीन-तीनदा म्हणालो, अरे हे शाळेत असताना आम्हाला कुणी हात लावून का नाही दाखवलं!

केव्हाचं म्हणाल तर शास्त्रज्ञांचे आकडे बदलत आलेत. आधीच्या मापनात सुमारे 52 हजार वर्षं आली, पुढे आर्गॉन वायूच्या पद्धतीनं मोजल्यावर ते वय 5 लाख 70 हजारांच्या घरात गेलं. आम्ही साखरखेर्ड्याची माणसं इतिहासाच्या बाबतीत जरा तोऱ्यातच असतो. 1724 मध्ये निजामानं मुबारिझखानाला हरवलं ते आमच्या गावाजवळ, हैदराबादचं राज्य उभं राहिलं ते त्या लढाईवर, गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं होतं वगैरे आम्ही पाहुण्याला चहा व्हायच्या आत सांगून टाकतो. त्या कड्यापाशी मात्र आमची तीनशे वर्षं फारच पोरकट वाटली.

आणि पुराणातली गोष्ट घ्या. लवणासुर जमिनीखाली राहायचा, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच गोष्टीवर उभं आहे. झाकण उडवलं! भूगर्भवाल्यांचं म्हणणं तरी वेगळं काय आहे? मला ही गोष्ट लहानपणापासून पाठ आहे, पण त्या उलट्या थरापाशी ती पहिल्यांदा अंगावर आली.

खाली पोचलात की वास येतो. आधी खारट, मग कुजकट, मग सवय होते. काठाजवळची माती पायाखाली चपचपते आणि वाळलेल्या भागावर पांढरी पापडी धरलेली असते. मी बसून पाण्यात बोटं बुडवली आणि चोळली. बुळबुळीत! साबण लावून नीट न धुतलेल्या हातासारखी. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. ओढे-झरे आत येतात, बाहेर जायला वाटच नाही, पाणी उन्हानं उडतं आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. एकेकाळी या क्षारांचा व्यापार चालायचा, दल्ला, खप्पल, पापडी अशी त्यांना नावं होती. ‘ऐन-ए-अकबरी’तसुद्धा या जागेची नोंद आहे. आणि 2020 च्या जूनमध्ये टाळेबंदीत हेच पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी सरोवराला पाणथळ जागांसाठीचा रामसरचा दर्जाही मिळाला. महाराष्ट्रात त्याआधी तो फक्त नांदूर मध्यमेश्वरला होता.

पण चक्रावून टाकणारी गोष्ट ही की त्या खाऱ्या पाण्यापासून थोडं वर चढलं की गोड्या पाण्याचा ओलावा, झाडी, वेली, सावली, लंगुरांची धुमश्चक्री. एका हाताला साबणाचं तळं, दुसऱ्या हाताला जंगल, मधून आपली पाऊलवाट! देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारं अशी तिची ख्याती. खारी बाजू सासूची की सुनेची, हे सांगणारी बाई कोण त्यावर ठरतं. आम्हाला विहीर दिसलीच नाही, तळ्याचं पाणी चढलं की ती बुडून जाते.

देवळं वाटेत भेटत राहतात. रामगया, कमळजा, मग पुढे झाडीत हरवलेली आणखी काही. काळ्या दगडाची, चुन्याशिवाय रचलेली. एका गाभाऱ्यात डोकावलो तर वटवाघळांचा भपकारा नाकात बसला आणि आम्ही दोघं शूर पुरुष उलट्या पावली बाहेर. कमळजेपर्यंत माणसं दिसतात, आरतीचं ताट, नारळ, हाका. त्यापुढे वाट एकदम रिकामी होते. विलायती बाभळीचे काटे शर्ट धरून ठेवतात, दोन ठिकाणी पाण्यानं वाट गिळल्यामुळे वरच्या अंगानं झुडपांतून जावं लागलं, एका ठिकाणी तर चक्क बसून घसरलो. पाण्यावर चक्रवाकांची जोडी होती, केशरी, आपल्याच तंद्रीत. त्या पाण्यात शेवाळ आणि किडे आहेत, त्यावर पाखरांचं चालतं.

आणि मध्येच कुठंतरी, पाण्याच्या पलीकडच्या अंगाला, मी वर बघितलं. चारही बाजूंनी काठ! जिकडे वळू तिकडे तीच कड, वर आभाळाचा गोल तुकडा. व्ह्यूपॉइंटवर मुंग्यांएवढी माणसं फोटो काढत होती. आमचेच गाववाले असतील कदाचित. मला इतकं हसू आलं की भाऊ म्हणाला, “काय झालं रे?” मला काय सांगावं ते सुचेना. चंद्राचा काळपट भागही असाच बेसॉल्टचा आणि असाच विवरांनी भरलेला. म्हणून तर 1970 च्या दशकात परदेशातले शास्त्रज्ञ इथं भोकं पाडून दगडाचे नमुने घेऊन गेले, आदळण्याच्या धक्क्यानं काच झालेली खनिजं त्यांना त्यात सापडली. चंद्रावर जायचं म्हणजे केवढा खर्च! आम्हाला एसटीचं तिकीट पुरतं.

अंतराचं म्हणाल तर तळ्याचा व्यास सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर, त्यामुळे पाण्याकाठचा फेरा चार किलोमीटरच्या आसपास, त्यात वाकडं-तिकडं आणि चढ-उतार वेगळे. गुडघे ठीक असतील तर कुणालाही जमेल. शेवटची चढण तेवढी घाम काढते. हे अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याकडे विचारूनच उतरा आणि वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या. पाणी भरपूर न्या, खाली पिण्यासारखं काही मिळत नाही. पायात चपला नकोत, काटे आरपार जातात. दुपार व्हायच्या आत वर या.

मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, या वेळी वरच्या काठानं. विवराचा व्यास 1.8 किलोमीटर, म्हणजे तो फेरा सहा किलोमीटरच्या घरात. जाता जाता अंबर तळंही बघायचंय, तेसुद्धा एखाद्या लहान तुकड्यानं पाडलेलं असावं असं काही जण म्हणतात. गाडीत दोन जागा आहेत. येणाऱ्यानं पहाटे पाचला तयार राहायचं, आणि मेहकरात नाश्त्याला थांबायचा हट्ट धरायचा नाही.